उजनीच्या फुगवट्यावर आणि कोकणच्या खाडीत एकट्याने कयाक चालवण्याबाबत

सीनाकाठ, सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या वर्षी तारकर्लीजवळ कर्लीच्या खाडीत मार्गदर्शकासोबत दोन दिवस कयाक चालवली आणि परत आल्यावर दहा फुटी, वर बसून चालवण्याची कयाक विकत घेतली. नोव्हेंबरमध्ये करमाळ्याच्या बाजूने उजनीच्या फुगवट्यात सकाळी नऊ वाजता एकटाच उतरलो. तेव्हा पाणी आरशासारखे होते आणि पंधरा मिनिटांत एका उंचवट्यापर्यंत पोहोचलो. परतताना समोरून वारा सुटला. तेवढ्याच अंतराला चाळीस मिनिटे लागली, लाटा मांडीवर येऊ लागल्या आणि दोनदा कयाक आडवी झाली. लाईफ जॅकेट अंगात होते, पण मी एकटा आहे याची भीती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

मला हा छंद सोडायचा नाही. सोबत येणारे कोणी नाही, आणि खरे सांगायचे तर पाण्यावरचा तो एकांतच मला हवा आहे. उजनी, पंढरपूरच्या पुढची भीमा आणि जमल्यास फेब्रुवारीत कर्लीच्या खाडीतील खारफुटी, एवढे मनात आहे. एकट्याने जाताना कोणती पथ्ये पाळावीत?

जुने गाव पाण्याखाली, करमाळा तालुका

तुम्ही ज्या उंचवट्यापर्यंत गेलात तसे उंचवटे म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या शिवारांचे माथे आहेत. उजनीच्या सुमारे 117 टीएमसी साठ्यापैकी 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे, त्यामुळे उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे वापराचा साठा संपून मृतसाठ्यात, गेले तरी पाणी भरपूर असते, मात्र त्याच्या पोटातल्या भिंती, विहिरींची कठडी आणि वठलेली झाडे वर येऊ लागतात. पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडल्याची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत, पण त्याच्या आधीचे काही आठवडे अधिक वाईट, कारण तेव्हा हे सर्व पाण्याच्या वीतभर खाली असते. पाण्याच्या मधोमध पाणकावळा स्थिर बसलेला दिसला, तर त्याच्या पायाखाली बहुधा बाभळीचा शेंडा आहे असे समजून वळसा घ्यावा.

वाऱ्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. 21 मे 2024 रोजी संध्याकाळी कुगाव ते कळाशी या मार्गावर प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तो नेहमीच्या ये-जा करण्याचा मार्ग होता. या जलाशयाला मैलोगणती मोकळे पाणी असल्यामुळे वाऱ्याला कुठे अडसर नाही, आणि वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आल्यापासून लाटा उठेपर्यंत काठ गाठण्याइतका वेळ मिळेलच असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत एकट्याने उतरूच नये. हिवाळ्यात उजाडताच उतरावे, दहापर्यंत काठावर यावे, आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर तोच वारा घरी आणतो. काठापासून शंभर हातांपेक्षा दूर जाण्याची गरज नाही. रोहित पक्षीही उथळ पाण्यातच उतरतात, आणि ते माना वर करून चालू लागले की आपण फार जवळ गेलो असे समजून थांबावे.

मच्छीमारांच्या जाळ्यांवर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगत असतात. वल्हे अडकले तर जाळे कापू नका, वल्हे मागे फिरवून सोडवा. ते कोणाच्या तरी घरची चूल आहे.

दुहेरी वल्हे, सोलापूर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या मते एकट्याने जाण्याची पात्रता एकाच गोष्टीने ठरते: खोल पाण्यात पडल्यावर कोणाच्याही मदतीशिवाय पुन्हा कयाकवर चढता येते का? पोहता येणे हे त्याला उत्तर नव्हे, कारण वाऱ्यात रिकामी कयाक पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जाते. कयाक उलटल्यास आधी ती हातात ठेवा, आडवे होऊन पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणा, पोटावर सरकत तिच्यावर आडवे पडा आणि मगच वळून बसा. गळ्याइतक्या पाण्यात, काठावर माणूस उभा असताना, याचा सराव करावा. सलग दहा वेळा जमेपर्यंत एकट्याने बाहेर पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नदीचा प्रश्न वेगळा आहे. भीमेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. वरून पाहिले तर बंधाऱ्यावरून सांडणारे पाणी साधे दिसते, परंतु खाली पडलेले पाणी उलटे फिरून पुन्हा भिंतीकडेच ओढते आणि त्या घुसळणीतून लाईफ जॅकेट घातलेला माणूसही सुटत नाही. बंधारा दिसण्यापूर्वीच काठाला लागावे व कयाक खांद्यावरून पुढे न्यावी. वाळू उपशामुळे गुडघाभर पाण्याशेजारी अचानक पुरुषभर खड्डा असतो, म्हणून कयाक ओढत नेताना पुढे वल्ह्याने ठोकून पाहावे.

उजनीतून विसर्ग नाही म्हणून नदी शांत राहील, हा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. नीरा नदी नरसिंहपूरला भीमेला मिळते, त्यामुळे वीर धरणातून सोडलेले पाणीही पंढरपुरात येते. दोन्ही धरणांचे विसर्ग पाहावेत. पावसाळ्यात नदीत उतरण्याचा विचारही करू नये.

सीनाकाठ, सोलापूर

आपणा दोघांचे मनापासून आभार. रविवारी धाकट्या भावाला काठावर उभे करून सराव केला. सहा वेळा पडलो आणि दोनदाच चढता आले; चौथ्या वेळी तर कयाक माझ्याच अंगावर उलटली. त्यामुळे भीमेचा बेत या वर्षापुरता रद्द केला आहे. उजनीवर यापुढे काठाकाठानेच जाईन, आणि कुठे उतरणार व किती वाजता परतणार हे लिहून घरी ठेवीन. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर 112 वर कळवायचे, असे पत्नीशी ठरले आहे. खाडीबद्दल मात्र कोणी सांगाल का?

खाडीकर, मूळ मालवण, नोकरीनिमित्त सोलापुरात

खाडीत घड्याळ भरतीचे चालते. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. हा मुंबईकडचा ढोबळ हिशोब आहे. दक्षिण कोकणात पाणी थोडे आधी भरते, म्हणून छापील तक्ता पाहावाच. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या व चौथ्या तासात तीन-तीन हिस्से असे ते येते, आणि ओहोटीतही तसेच उतरते. मधल्या दोन तासांत मुखाजवळ वल्हे मारूनही माणूस जागचा हलत नाही, किंवा देवबागच्या संगमाकडून समुद्रात ओढला जातो.

म्हणून भरतीबरोबर वर जावे आणि पाणी फिरल्यावर ओहोटीच्या सुरुवातीलाच उतरून यावे. खारफुटीच्या अरुंद फाट्यांत ओहोटी लागल्यावर थांबू नका. पाणी गेले की खाली मांडीपर्यंत चिखल उरतो आणि पुढच्या भरतीपर्यंत सुटका नसते. मुळांवर व खडकांवर कालवे असतात, त्यांची धार पात्यासारखी असते, तेव्हा पायात बंद बूट हवेतच. समुद्राच्या बाजूला संकट आले तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे, पण मुखाकडे तुम्ही जाऊच नये.

फेब्रुवारीत शुक्ल द्वादशी धरा. तेव्हा पौर्णिमेचे उधाण अजून आलेले नसते आणि भरती सकाळी नऊच्या थोडी आधी पूर्ण होते. सातला उतरा, भरतीबरोबर वर जा, पाणी फिरले की वळा आणि साडेदहापर्यंत काठाला या. एकादशीचा उपवास करत असाल तर पारणे करूनच पाण्यात उतरा. आणि ती चढण्याची दहाची गिनती तोपर्यंत पूर्ण झाली नसेल, तर मला कळवा. गावी माझा चुलतभाऊ होडी घेऊन तुमच्या मागे शंभर हातांवर राहील, बोलणार नाही.