कस्टम ॲट्रिब्यूटने फिल्टर केलं की स्टोरेज रिपोर्टची टोटल कमी येते, का?

नवा_ॲडमिन: मंडळी जरा मदत करा. आमच्या रिपोर्टिंग टूलमध्ये व्हॉल्यूमवर (म्हणजे स्टोरेजच्या एकेका तुकड्यावर) एन्व्हायर्नमेंट नावाचं कस्टम ॲट्रिब्यूट (आपणच जोडलेला टॅग) बनवलंय. मॅनेजरना टेस्ट सोडून बाकी सगळ्याची कपॅसिटी हवीये म्हणून मी 'एन्व्हायर्नमेंट नॉट इक्वल टू टेस्ट' असा फिल्टर लावला, तर पूर्ण टोटलमधून टेस्टची टोटल वजा करून जे यायला हवं त्यापेक्षा आकडा बराच कमी येतोय. एरर वगैरे काही नाही. व्हॉल्यूम जातायत कुठे??

डिस्कवाला: ज्यांना एन्व्हायर्नमेंट भरलेलंच नाही ते उडाले. मागे बहुतेक एसक्यूएल (डेटाबेसची क्वेरी भाषा) चालत असणार, त्यात रिकामी व्हॅल्यू म्हणजे नल, आणि नल 'टेस्ट' नाहीये का असं विचारलं तर उत्तर ना हो ना नाही, आणि व्हेअरमध्ये (फिल्टरच्या अटीत) फक्त 'हो' आलेल्याच ओळी टिकतात. फिल्टरला 'ऑर इज नल' जोड. टूल ऑर घेत नसेल तर कोअलेस फंक्शनने रिकाम्याच्या जागी 'टॅग नाही' असं काहीतरी भर आणि मग फिल्टर कर.

रेड_सहा: वरचं बरोबरच आहे, पण आधी एन्व्हायर्नमेंटवर नुसतं ग्रुप बाय (सारख्या व्हॅल्यूंचे गट) करून बघ व्हॅल्यू कायकाय आहेत. फ्री टेक्स्ट ठेवलं असेल तर प्रॉड, प्रॉडक्शन, शेवटी स्पेस असलेलं प्रॉड अशी सगळी जत्रा सापडते. ड्रॉपडाउन करून टाक, लोकांना टाइप करायला दिलं की संपलं.

नवा_ॲडमिन: इज नल टाकल्यावर जुळलं 🙏 आता दुसरं. कॉस्ट सेंटर (खर्च कुणाच्या नावावर ते) आम्ही होस्टवर (स्टोरेज वापरणाऱ्या सर्व्हरवर) लावलंय, त्याने ग्रुप केलं तर टोटल उलट ॲरेच्या (अख्ख्या स्टोरेज बॉक्सच्या) कपॅसिटीपेक्षाही जास्त येतेय

डिस्कवाला: क्लस्टर (एकत्र चालणारे होस्ट) असेल ना? एकच लन (होस्टला दिलेला व्हॉल्यूम) ८ होस्टना मॅप असेल तर होस्टशी जॉइन केल्यावर त्याच्या ८ ओळी होतात आणि १ टीबीचे ८ टीबी दिसतात. सम करायच्या आधी व्हॉल्यूम आयडी आणि कॉस्ट सेंटरवर डिस्टिंक्ट कर, म्हणजे डुप्लिकेट ओळी काढ. नुसत्या साइझवर डिस्टिंक्ट करू नकोस हां, सारख्या साइझचे वेगवेगळे लन पण गायब होतील. खरं तर कपॅसिटी ज्याची मोजायची ॲट्रिब्यूट त्याच्यावरच हवं, म्हणजे व्हॉल्यूमवर.

नवा_ॲडमिन: पण काही लन दोन कॉस्ट सेंटरचे होस्ट मिळून वापरतात, ते कुणाच्या नावावर टाकायचे?

रेड_सहा: ते क्वेरी नाही सांगणार, दोन्ही टीमना विचारून ठरवा. तोपर्यंत 'शेअर्ड' अशी वेगळी व्हॅल्यू ठेव, निदान दोनदा तरी मोजलं जाणार नाही. आणि जुन्या महिन्यांचे रिपोर्ट आत्ताच एक्स्पोर्ट करून ठेव, बऱ्याच टूलमध्ये ॲट्रिब्यूटची फक्त आजची व्हॅल्यू असते, ती बदललीस की मागचे आकडेपण नव्या कॉस्ट सेंटरखाली दिसायला लागतात.