आजोबांच्या बंदुकीचा गज आणि आजची शिकारीची साधने : नेमका फरक कशात?

प्रश्न : माजघर

कुडाळ तालुक्यातील आमच्या जुन्या घराची कौले उतरवताना माळ्यावर एक लाकडी पेटी सापडली. तिच्यात आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचे साहित्य आहे. बंदूक त्यांच्या पश्चात परवान्यासह रीतसर जमा केली होती, त्यामुळे ती आमच्याकडे नाही; मात्र पितळी तोंडाचे दारूचे शिंग, छऱ्यांची चामड्याची पिशवी, बार पेटवणाऱ्या टोप्यांची पत्र्याची डबी आणि एक लांब लोखंडी गज एवढे सामान शाबूत आहे. आजोबांचा परवाना पीकसंरक्षणाचा होता. भातशेतीत उतरणारी डुकरे हेच त्यांचे मुख्य लक्ष्य असे, असे आई सांगते.

मध्यंतरी परदेशातील शिकारीच्या काही चित्रफिती पाहण्यात आल्या. त्यांत दुर्बीण बसवलेली रायफल, अंतर मोजणारे लेसर यंत्र आणि झाडाला बांधून ठेवल्यावर जनावराचे छायाचित्र थेट फोनवर पाठवणारा कॅमेरा अशी साधने होती. ती पाहिल्यावर पेटीतील सामान अगदीच पोरखेळ वाटू लागले. जुन्या आणि नव्या साधनांतील फरक केवळ पल्ला आणि वेग यांचा आहे, की त्यापलीकडेही काही आहे? दुसरी शंका अशी की, गजावर कानशीने कोरलेल्या दोन आडव्या खुणा आहेत, त्या कशासाठी असाव्यात? शिकार करण्याचा अर्थातच कोणताही हेतू नाही; हे सामान जपून ठेवायचे आहे आणि ते काय आहे हे नीट समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : तिठ्यावरचा

आधी खुणांविषयी लिहितो, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांतच आहे.

ठासणीच्या बंदुकीत सगळा माल नळीच्या तोंडातून भरावा लागतो. आधी शिंगातून मापाने दारू ओतायची, तिच्यावर बोळा, त्यावर छरे किंवा गोळी आणि छरे घरंगळू नयेत म्हणून वर आणखी एक बोळा. आमच्याकडे हा बोळा नारळाच्या सोडणाचा करीत, आणि छरे-गोळ्यांसाठी मासेमारीच्या जाळ्याचे जुने शिसे वितळवून ओतीत. प्रत्येक थरानंतर गज घालून ठासायचे. बोळा घट्ट बसला की गज आपल्या वजनाने आपटून किंचित उसळतो आणि त्याचा आवाज बदलतो. माझे वडील तो आवाज ऐकूनच थांबत.

नळी रिकामी असताना गज तळापर्यंत घातला की तो जिथे तोंडाशी येतो, तिथे एक खूण. बार भरल्यावर गज तेवढा आत जात नाही. तो जितका बाहेर राहतो तितकी मालाची उंची, म्हणून दुसरी खूण. हे अंतर बोटांनी सांगण्याची रीत होती. ‘चार बोटांचा बार’ म्हणजे दारू, छरे आणि दोन्ही बोळे मिळून चार बोटे उंचीचा माल. एकदा भरलेली बंदूक विसरून पुन्हा भरली गेली आणि तशीच उडवली, तर नळी फाटून हात जाण्याची वेळ येते. त्यामुळे बंदूक हातात घेतल्यावर पहिले काम गज टाकून पाहणे हेच असे. खुणांवरून बंदूक रिकामी आहे की भरलेली, हे अंधारातही बोट फिरवून कळते.

काडतुसाने यातली जवळजवळ सगळी कामे कारखान्याकडे नेली. दारू, बोळा, छरे आणि ठिणगी देणारी टोपी एकाच नळकांड्यात बंद झाली, बंदूक मागून उघडू लागली आणि दुनळी असेल तर दोन बार क्षणात तयार. आमच्या वाडीत पहिली १२ बोअरची काडतुसाची बंदूक आली तेव्हा लोकांना नवल वाटले ते तिच्या माऱ्याचे नव्हे, तर पावसातही ती फुसकी जात नाही याचे. (बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक, हे पुष्कळांना उलटे वाटते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक जेवढी जाड, तेवढा १२ बोअरच्या नळीचा व्यास, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर.)

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. प्रमाण ढोबळमानाने ७५, १५ आणि १०. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळीच्या रूपात उरतो. ही काजळी हवेतले पाणी ओढून घेते आणि कोकणच्या हवेत रात्रीत नळी गंजवते, म्हणून थकून आलेल्या माणसालाही चुलीवर पाणी तापवून नळी धुतल्याशिवाय झोपता येत नसे. बार उडाला की समोर धुराचा पडदा उभा राहतो. जनावर पडले, पळाले की अंगावर आले, हे तो विरेपर्यंत कळत नाही. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि हा पडदा गेला. माझ्या मते शिकारीच्या साधनांतला सर्वांत मोठा बदल हा आहे. दुर्बिणी वगैरे त्यानंतरच्या गोष्टी. ही दारू पुष्कळ अधिक दाब निर्माण करते, म्हणून गोळीचा वेग खूप वाढला आणि रायफलींचा पल्ला वाढला. त्याच कारणाने ती जुन्या ठासणीच्या नळीत कधीही घालायची नसते.

उत्तर २ : रानवाट

वरील माहिती उत्तम आहे. मात्र आपल्या भागापुरते बोलायचे तर जनावरांवर खरा घाला बंदुकीतल्या सुधारणेने घातला, असे मला वाटत नाही. तो बॅटरीने आणि जीपने घातला.

ठासणीच्या बंदुकीने रात्री बसणारा माणूस चांदण्यावर अवलंबून असे. पाणवठ्याजवळ किंवा शेताच्या बांधावर मचाण बांधायचे, वाऱ्याची दिशा पाहायची, विडी ओढायची नाही, आणि जनावर पंचवीस-तीस पावलांवर येईपर्यंत श्वास आवरून धरायचा. अमावास्येच्या आगेमागे शिकार नाहीच. डोक्याला बांधायचा कार्बाइडचा दिवा आणि पुढे पाच सेलची बॅटरी आल्यावर हे सगळे बंधन सुटले. उजेडाच्या झोतात भेकर किंवा ससा जागीच थिजतो, त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, आणि त्या दोन ठिपक्यांच्या मध्ये नेम धरायला फारसे कसब लागत नाही. त्यात जीप मिळाली की पायपीटही संपली.

भारतातील चित्त्याची अखेरची नोंद याच प्रकारातली आहे. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानाचे राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते एकाच ठिकाणी मारले. पुढे १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. नाश केवळ त्या रात्री झाला असे नव्हे, कारण गवताळ रानांची नांगरट आणि चित्ते पकडून पाळण्याची प्रथा ही जुनी कारणे होतीच. पण तीन जनावरे काही क्षणांत एका जागी पडतात, यात रायफलीइतकाच मोटारीच्या दिव्यांचा वाटा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात, सरसकट शिकारबंदीच्या आधीच्या मूळ तरतुदींमध्ये, वाहनातून आणि कृत्रिम उजेडात शिकार करण्यास स्वतंत्र मनाई होती. कायदा करणाऱ्यांनीही बंदुकीच्या जोडीला या दोन साधनांचा धोका ओळखला होता, असे यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. जुन्या साधनांविषयी बोलताना आपण हळवे होतो, पण ठासणीच्या बारातून जखमी होऊन निसटलेली आणि चार दिवसांनी ओढ्यात सडलेली डुकरे मी लहानपणी पाहिली आहेत. ओबडधोबड ओतलेल्या गोळीला नेमकेपणा नसतो. चांगल्या रायफलीने जाणत्या माणसाने मारलेले जनावर निदान तडफडत नाही.

उत्तर ३ : परदेशस्थ कोकणी

मी पेन्सिल्व्हेनियात राहतो. येथे कायद्याने ठरवलेल्या हंगामात परवाना घेऊन हरणांची शिकार होते. मी स्वतः शिकार करीत नाही. परंतु कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर दोन हिवाळे जंगलात गेलो आहे, म्हणून जुने-नवे दोन्ही शेजारी शेजारी पाहता आले.

या राज्यात १९७४ पासून चकमकीच्या ठासणीच्या बंदुकांसाठी वेगळा हंगाम असतो; तो नाताळानंतर येतो. म्हणजे आपल्या आजोबांच्या टोपीच्या बंदुकीपेक्षाही एक पिढी जुने साधन, कारण टोपीची मूळ कल्पना स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याने १८०७ मध्ये पेटंट घेतलेल्या स्फोटक ठिणगीतून निघाली. माझ्या सहकाऱ्याने गोळी तेल लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळून ठासली, बाजूच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे ठिणगी पकडणारी दारू, घातली आणि आम्ही हिमात तीन तास बसलो. हरीण चाळीस पावलांवर आले. बंदुकीचा घोडा पडला, चकमकीची गार घासली गेली, वाटीतली रंजक ‘फस्स’ करून उडाली आणि आत काहीच पेटले नाही. हिमाच्या ओलीने कान, म्हणजे वाटीतली आग नळीत नेणारे भोक, बंद झाला होता. हरणाने मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि ते सावकाश निघून गेले. ‘फुसका बार’ हा शब्द मी आयुष्यभर वापरला होता. तो प्रत्यक्ष पाहिला त्या दिवशी.

बार नीट पेटला तरी घोडा पडणे आणि गोळी सुटणे यांत जाणवण्याइतका अवधी जातो आणि डोळ्याजवळ ठिणग्या उडतात. तेवढ्यात बंदूक हलू न देणे हीच खरी साधना आहे. रायफलीत हा प्रश्नच येत नाही.

गंमत अशी की, जुन्या साधनाचा हंगाम ठेवला की लोक जुन्या साधनालाच नवे करून घेतात. १९८५ मध्ये टोनी नाइट या अमेरिकी कारागिराने ठासणीची नवी बंदूक बाजारात आणली, जिच्यात टोपी नळीच्या थेट मागे सरळ रेषेत बसते. तिच्यावर दुर्बीण चढवता येते आणि दारूच्या तयार गोळ्याही मिळतात. भरायची तोंडातून, म्हणून नाव ठासणीची. बाकी सारा थाट रायफलीचा. माझे सहकारी तिला ‘लबाडी’ म्हणतात, आणि मला त्यांचे पटते.

‘रानवाट’ यांचा जखमी जनावरांचा मुद्दा मान्य आहे. तरीही एकच बार हाती आहे हे माहीत असलेला माणूस तो पुष्कळदा उडवतच नाही, हेही येथे पाहिले. त्या दोन हिवाळ्यांत माझ्या सहकाऱ्याने बंदूक खांद्याला चार वेळा लावली आणि तीन वेळा खाली घेतली.

उत्तर ४ : तिठ्यावरचा

एक सूचना राहून गेली. शिंगात जुनी दारू शिल्लक असू शकते आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनंतरही पेटते. ते उन्हात वाळवू नये, देवघराच्या दिव्याजवळ ठेवू नये, तोंड बसले असेल तर लोखंडी तारेने टोकरू नये. मोकळ्या जागी पाण्यात भिजत घालावे. सोरा विरघळला की दारू निकामी होते. डबीतल्या टोप्या मात्र आपण हाताळू नयेत. त्या ठेवण्यासाठीही परवाना लागतो, तेव्हा पोलीस ठाण्यात कळवून त्या जमा करणे उत्तम.

माजघर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिंग काल बादलीत भिजत घातले. पाणी काळे झाले आणि तळाशी कोळशाची पूड बसली, म्हणजे आत दारू होतीच. डबी आहे तशी ठेवली आहे; ठाण्यात सोमवारी जातो.

गजावरच्या दोन खुणांमधले अंतर मोजले. आई म्हणते की आजोबा नेहमी चार बोटांचाच बार भरीत. माझी चार बोटे लावली तर खुणेपर्यंत पोहोचत नाहीत, पाच लागतात. आजोबांच्या हाताविषयी आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली की त्यांची अंगठी वितळवून त्यात माझ्या दोन मामांच्या अंगठ्या झाल्या.