घरी बीअर करताना वर्ट थंड करण्यात जाणारे पाणी कसे वाचवावे?

प्रश्न

नमस्कार. मी घरी एका वेळी साधारण २० लिटर बीअर करतो. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) भिजवणे, ते धुऊन घेणे आणि उकळणे या सगळ्यांना मिळून जेवढे पाणी लागते, त्याच्या कितीतरी पट पाणी उकळलेले वर्ट (माल्टचा गोड अर्क, जो आंबवून बीअर होते) थंड करताना मोरीत वाहून जाते. तांब्याच्या नळीचे वेटोळे भांड्यात सोडून मी त्यातून नळाचे पाणी खेळवतो. नळाचेच पाणी कोमट असेल तेव्हा शेवटचे काही अंश उतरता उतरत नाहीत. भांडी धुण्याचे पाणी आणखी वेगळे. चव न बिघडवता आणि जंतुसंसर्गाचा धोका न वाढवता हे पाणी कुठे वाचवता येईल, ते जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

मुख्य गळती थंड करण्यातच आहे, हे आपले निदान अचूक आहे. बाकीची काटकसर त्यामानाने किरकोळ ठरते. २० लिटर वर्ट १०० अंशांवरून ४० अंशांवर आणताना, नळाचे पाणी २५ अंशांचे असून ते वेटोळ्यातून सरासरी ४० अंशांनी बाहेर पडत असेल, तर प्रत्येक लिटर केवळ १५ अंशांइतकी उष्णता घेऊन जातो आणि ८० लिटर पाणी खर्च होते. तेच पाणी सरासरी ५० अंशांनी बाहेर पडले, तर ४८ लिटरमध्ये काम भागते. म्हणून नळ पूर्ण न सोडता धार बारीक ठेवावी आणि निर्जंतुक केलेल्या पळीने वर्ट सतत हलवत राहावे, कारण वर्ट स्थिर राहिले की नळीभोवतीचा थर लगेच थंड होतो आणि मधले वर्ट तसेच तापलेले राहते. वेळ थोडा जास्त लागतो, पण बाहेर येणारे सुरुवातीचे पाणी इतके कढत असते की त्यात नंतरची भांडी उत्तम निघतात.

४० अंशांच्या खाली नळाच्या पाण्याचा नाद सोडावा. बादलीत थोडे पाणी व बर्फ घेऊन लहान पंपाने तेच पाणी वेटोळ्यातून फिरवत ठेवावे. ४० वरून २० अंशांवर येण्यासाठी हिशेबाने ४ ते ५ किलो बर्फ पुरतो. बादलीतले पाणी गार होण्यासाठी थोडा अधिक धरावा. बर्फ पहिल्यापासून घालणे म्हणजे तो वाया घालवणे, कारण वर्ट कढत असताना नळाचे पाणीही तेच काम करते.

दुसरा प्रतिसाद

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु माझ्या मते थंड करण्यासाठी पाणी वापरण्याचीच गरज नाही. उकळते वर्ट उष्णता सहन करणाऱ्या जाड एचडीपीई (एक प्रकारचे टणक प्लास्टिक) कॅनमध्ये काठोकाठ भरावे, कॅन दाबून उरलेली हवा काढावी, झाकण घट्ट लावावे आणि झाकण व मूठ यांच्या आतल्या बाजूलाही कढत वर्ट लागावे म्हणून कॅन काही मिनिटे आडवा ठेवावा. रात्रभरात तो आपोआप निवतो. पाण्याच्या टंचाईमुळे ऑस्ट्रेलियातील घरगुती बीअर करणाऱ्यांमध्ये ही पद्धत चांगलीच रुळली. साधा पातळ कॅन मात्र मुळीच वापरू नये. तो मऊ पडून कढत वर्ट अंगावर सांडू शकते.

एका बाबतीत हयगय नको. यीस्ट न घातलेल्या वर्टचा पीएच साधारण ५.२ असतो आणि बंद कॅनमध्ये प्राणवायू जवळजवळ नसतो. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत आणि ४.६ च्या वरच्या पीएचमध्ये ते वाढू शकतात. त्यामुळे वर्ट निवताच, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, यीस्ट घालावे. आठवडाभर साठवून ठेवण्याचा मोह टाळावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. कॅनची पद्धत पटली, पण वर्ट तासन्‌तास कढत राहिल्याने हॉप्सचा (बीअरला कडूपणा व सुगंध देणाऱ्या फुलांचा) कडूपणा वाढणार नाही का? माझ्या कृतीत हॉप्स उकळण्याची ६० मिनिटे व १० मिनिटे शिल्लक असताना पडतात.

दुसरा प्रतिसाद देणारे

वाढतो, कारण वर्ट सुमारे ८० अंशांपर्यंत उतरेपर्यंत हॉप्समधल्या अल्फा आम्लांचे कडू घटकांत रूपांतर बऱ्यापैकी चालू राहते. ६० मिनिटांच्या हॉप्सचा बहुतेक कडूपणा उकळतानाच उतरलेला असल्यामुळे तिथे फारसा बदल नको. खरी अडचण १० मिनिटांच्या हॉप्सची आहे. ते उकळीत न टाकता वर्ट भरताना थेट कॅनमध्ये घालावेत. केवळ सुगंधासाठीचे हॉप्स आंबवण सरत आल्यावर घालणेच उत्तम. फिकट पिल्सनर माल्ट वापरत असाल तर झाकण न ठेवता खळखळून उकळावे, अन्यथा शिजलेल्या मक्यासारखा वास बीअरमध्ये राहतो.

तिसरा प्रतिसाद

धुण्याविषयी थोडेसे. आंबवणीचे भांडे रिकामे होताच धुवावे. फेसाचा थर वाळला की दुप्पट पाणी जाते. सोडियम परकार्बोनेट या धुण्याच्या पावडरीचे द्रावण एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत वापरावे आणि ते निघेल इतक्याच पाण्याने खळबळावे. निर्जंतुक करण्यासाठी फॉस्फरिक आम्लावर आधारित, न विसळता चालणारे द्रावण फवारणीच्या बाटलीत ठेवावे. भांडे भरून ठेवण्याची आवश्यकता नाही, पृष्ठभाग नीट ओला होऊन सांगितलेला वेळ ओला राहिला की पुरे. वेटोळ्यातून आलेले पाणी निवल्यावर झाडांना खुशाल घालावे, परकार्बोनेटचे मात्र घालू नये, कारण ते अल्कधर्मी असते आणि त्यातले सोडियम मातीत साठत जाते.