मदत हवी आहे: किटमधून जोडलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा बारावा फ्रेट उतरतोय, ब्रिज हलवू का?

उद्यमबागी:

मंडळी, रविवारी मामा ड्रिल घेऊन येणार आहे. त्याच्या आधी कोणीतरी मला थांबवा, नाहीतर हो म्हणा.

मी बेळगावचा. राहायला अनगोळ, कामाला उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये. दिवसभर हातात वर्नियर असतो, त्यामुळे गिटारचं किट मागवताना वाटलं, यात काय एवढं. स्ट्रॅट धाटणीची बासवुडची बॉडी, मेपलचा नेक, तीन सिंगल कॉइल पिकअप, सहा स्क्रूंचा ट्रेमोलो ब्रिज (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग, दांडी दाबून झुलवता येतो असा). बॉडीवर ब्रिजची भोकं आणि सगळ्या खाचा कारखान्यातूनच पाडून आलेल्या. नेकला मात्र भोकं नव्हती, ती आपली आपण पाडायची. सोबत एकपानी कागद, त्यात चित्रंच जास्त.

मामाचं खानापूरला सुतारकामाचं दुकान आहे. रंग त्याच्याकडेच केला. नेक बसतो त्या खाचेच्या कडेचे टवके उडाले होते, तिथे त्याने लांबी (पुट्टी) भरली, मग सीलर, मग एन.सी. लॅकर (थिनरमध्ये कालवून मारायचं पॉलिश). महिना जुलै. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते आणि आम्ही लॅकर मारत होतो. तिसरा हात मारला आणि अर्ध्या तासात बॉडी चुना फासल्यासारखी पांढरी. ते एक दुखणं आहेच, पण खरं दुखणं पुढे.

तारा चढवल्या (०.००९ ते ०.०४२ इंच जाडीचा सेट), ट्यूनरवर सगळ्या मोकळ्या तारा बरोबर लावल्या. बाराव्या फ्रेटवर (नेकवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) दाबलं की सूर उतरलेला. बारीक ई तार सगळ्यात वाईट, आठ-दहा सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली. जाड ई जवळपास जुळते. उतरत असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकणारा तुकडा) नटच्या दिशेने पुढे घ्यायचं, हे माहीत आहे. घेतलं. सगळी सॅडल आता पुढे टेकली आहेत, आणखी जागाच नाही.

(नट म्हणजे तारा ज्या खाचांमधून जातात ती नेकच्या टोकाची पांढरी पट्टी. शॉपमध्ये मित्राला सांगत होतो तर तो एम-८ चा नट काढून दाखवायला लागला.)

मापं घेतली. नट ते बारावा फ्रेट ३२४ मिमी. बारावा फ्रेट ते बारीक ई चं सॅडल, पूर्ण पुढे असताना, ३२९ मिमी. ही दोन्ही जवळपास सारखी हवीत. फ्रेट चुकीचे कापले असतील म्हणून तेही तपासलं. ६४८ (३२४ ची दुप्पट) भागिले १७.८१७ (फ्रेटच्या अंतराचा ठरलेला आकडा), म्हणजे पहिला फ्रेट ३६.३७ ला यायला हवा. आहे. नेक बरोबर आहे.

मामा म्हणतो, "ब्रिजची भोकं बुजवू, चार मिमी पुढे घेऊ, हाय काय त्यात." मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. आणखी एक, अँपला लावलं की घूं असा आवाज. तारांना हात लावून फरक नाही, जॅकच्या धातूला बोट लावलं की कमी होतो. गणपतीत गल्लीच्या मंडळात वाजवायची कबुली देऊन बसलोय. सांगा.

सहावी तार:

ड्रिल लपवून ठेव.

मामांचं गणित चुकलेलं नाही. ब्रिज चार मिमी पुढे आला तर बारावा फ्रेट सुरात येईलही. पण तुझा ट्रेमोलो आहे. ब्रिजखाली जो धातूचा ठोकळा लोंबतो तोही चार मिमी पुढे येणार आणि खाचेच्या भिंतीला घासणार. मग ट्रेमोलो दाबलास तर तारा परत जागेवर येणार नाहीत. मग खाच कोरा, मग मागच्या स्प्रिंगांचा ताण बदला. एक चूक झाकायला तीन.

बॉडी कारखान्यात मशीनवर कापलेली, नेक तू तपासलेला. मग चार मिमी आले कुठून? त्या दोघांच्या जोडातून. माझा संशय त्या लांबीवर आहे. तारा सैल कर, पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं झाकण) काढ, चारही स्क्रू काढून नेक उचल आणि खाचेच्या आतल्या दोन कोपऱ्यांत बोट फिरव. नेक पूर्ण आत गेलाच नसेल तर नट आणि सगळे फ्रेट ब्रिजपासून लांब सरकतात, आणि नेमकं तुझ्यासारखंच होतं: दाबलेला सूर उतरतो.

निपाणीकर:

मी गिटारवाला नाही, घरी सतार आहे. मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानात बसून जवारी काढताना (घोडी घासून तारेचा नाद जुळवताना) तासन्‌तास बघितलंय. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, सूर चुकला की सरकवायचा आणि गाणं पुढे चालू. मामांच्या डोक्यात तेच असणार, की सरकवलं की झालं. तुमचे फ्रेट ठोकलेले, ते काही ऐकणार नाहीत. त्यामुळे वरच्यांचं म्हणणं पटतं. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, हे जाता जाता अभिमानाने.)

सोल्डरबाबा:

मी घूं बद्दल सांगतो, सूर बाकीचे बघतील.

जॅकला हात लावून कमी होतो आणि तारांना लावून होत नाही, म्हणजे तारांपर्यंत अर्थिंग पोचलेलं नाही. ट्रेमोलोच्या गिटारात मागच्या बाजूला स्प्रिंग अडकवायचा पंजा असतो, त्याला एक वायर सोल्डर करून ती व्हॉल्यूमच्या पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाच्या) पाठीवर नेतात. ती तरी सुटलीय, नाहीतर एका टोकाला सोल्डर नुसतं चिकटून बसलंय. मल्टीमीटर बीपवर ठेव, एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला. बीप नाही आला तर चोर सापडला. २५ वॅटच्या सोल्डरिंग गनने पंजा तापतच नाही, धातू सगळी उष्णता पिऊन टाकतो. ६० वॅटची घे, जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत कर, आधी धातू तापव, मग सोल्डर लाव. थोडा घूं तरीही राहील. सिंगल कॉइलची जातच ती, घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ ती ओढून घेणारच.

आता महत्त्वाचं. तुझ्या घरात प्लगला खरोखर अर्थिंग आहे का? जुन्या घरात तीन भोकांचा सॉकेट असतो आणि वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अँपमध्ये काही बिघडलं आणि अर्थिंग नसलं तर करंट तुझ्या बोटांत. दोन पिनांचा जुगाड लावला असशील तर आत्ता काढ. मंडपातही वायरमनला विचारल्याशिवाय प्लग लावू नकोस, तिथे खाली चिखल असतो.

उद्यमबागी:

सहावी तार दादा, पाय कुठे आहेत तुमचे?

काल रात्री नेक काढला. दोन्ही कोपऱ्यांत लांबीचे गोळे, वर सीलर आणि लॅकर चढून दगड झालेले. त्यामुळे नेक आतल्या भिंतीपासून लांबच राहिला होता, आणि मी तसाच क्लॅम्प करून चार भोकं पाडली. बाविसाव्या फ्रेटची पट्टी पुढे आलेली असते, तिच्याखाली ती फट झाकली गेली, वर पिकगार्ड. वर्नियरची खोल माप घ्यायची दांडी फटीत घातली: ३.९ मिमी. रोज दुसऱ्यांचे जॉब रिजेक्ट करणारा मी.

पटाशीने गोळे काढले. नेक आता टककन आत बसतो, फट नाही. पण जुनी भोकं चार मिमी सरकली. नवीन भोक जुन्याला चिकटून पडणार. काय करू?

आणि हो, प्लगला अर्थिंग नव्हतंच. आईला सांगितलं तर म्हणाली, "फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात म्हणून मी कधीची बोंबलते."

सहावी तार:

जुन्या भोकात आगपेटीच्या काड्या आणि फेविकॉल हा दाराच्या बिजागरीचा उपाय, इथे चालणार नाही. नवीन भोक अर्धं जुन्यात जाणार, स्क्रू तिकडे पळणार. भोकं सहा मिमीची करून त्यात लाकडी गुल्ल्या फेविकॉलने ठोक, रात्रभर राहू दे, सपाट कापून मग नवीन पाड. गुल्ली सागवानाची किंवा शिसवीची, आणि जमलं तर लाकडाच्या रेषा आडव्या येतील अशी कापलेली. रेषेच्या दिशेने घुसलेला स्क्रू कमी धरतो. हे मामांना सांगायची गरज नाही, त्यांना आपल्या दोघांपेक्षा जास्त कळतं.

पाडण्याआधी नेक आत दाबून क्लॅम्प कर आणि दोन्ही ई तारा सैलसर लावून बघ, दोन्ही नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर हव्यात. मग बॉडीच्या भोकातून खूण कर, तीन मिमीचं पायलट पाड, ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोली ठरव. नाहीतर फिंगरबोर्डातून टोक बाहेर येतं. मी एकदा आणलंय.

लॅकर पांढरं पडतं ते थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल आत अडकते म्हणून. घासत बसू नकोस. कोरडी हवा असलेली दुपार बघ, थिनरमध्ये थोडं रिटार्डर (थिनर सावकाश उडावं म्हणून मिळतं ते) घालून एक हलका हात मार. बहुतेक पांढरेपणा जातो.

उद्यमबागी:

अपडेट. मामा आला, ड्रिल घेऊनच. खाचेतले गोळे दाखवले तर दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला, "लांबी मी भरलो, पण भोकं तू पाडलास." बरोबर आहे. मग शिसवीच्या तुकड्यातून चार गुल्ल्या अशा काढल्या की माझ्या लेथला लाज वाटावी.

बारीक ई आता बाराव्या फ्रेटवर सुईच्या मधोमध, आणि सॅडल मागे-पुढे दोन्हीकडे जागा राखून. पंज्याची वायर परत सोल्डर केली, बीप आला, घूं पुष्कळ कमी. अर्थिंगचं काम वायरमन गुरुवारी करतोय, तोवर अँप बंद. रिटार्डरचा हात दोनदा मारला, पाठीवर एक ढग राहिलाय, तो असू दे.

आता शेवटचं. बारावा बरोबर, पण पहिल्या फ्रेटवर दाबलेले सूर चढे लागतात, एफ कॉर्ड ऐकवत नाही. ट्रस रॉड (नेकच्या आतली, नेकचा बाक ठरवणारी सळई) फिरवू का?

सहावी तार:

रॉडला हात लावू नकोस. तिसऱ्या फ्रेटवर तार दाब आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते बघ. कागदाइतकी हवी. तुझ्याकडे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेलच.

उद्यमबागी:

०.३५ मिमी राहते. नटच्या खाचा उथळ आहेत तर. शॉपमधून बारीक कानस आणतो.