लेखकाची कागदपत्रं ग्रंथालयाला द्यायची आहेत, आधी काय करावं?

उत्तरेश्वरकर: आजोबा ग्रामीण कथा लिहायचे. मागे पत्र्याची ट्रंक राहिली आहे: हस्तलिखितं, संपादकांची पत्रं, कात्रणं, बोलीतल्या शब्दांच्या वह्या. कोल्हापुरातच कुठंतरी द्यायचा विचार आहे. सगळं तारखेप्रमाणे लावून, फाटक्या पानांना सेलोटेप लावून द्यावं का? हक्कांचं काय?

जुनी बाडं: सेलोटेप अजिबात नको. गोंद कागदात मुरतो, पट्टी सुटली तरी पिवळा डाग राहतो. लॅमिनेशनही नको. फाटकं पान कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवा, बस्स.

तारखेप्रमाणे लावूच नका. संपादकाचं पत्र एखाद्या खर्ड्यात खोचलेलं असेल, तर ते तिथंच का होतं हे अभ्यासकाला हवं असतं. क्रम एकदा मोडला की ते कायमचं गेलं. ट्रंकेतल्या प्रत्येक थराचा फोटो काढा, मग गठ्ठ्यागठ्ठ्यानं यादी करा: क्रमांक, काय आहे, अंदाजे पानं, सापडलेल्या तारखा. क्रमांक मऊ पेन्सिलीनं, पानामागे कोपऱ्यात. पाकिटं फेकू नका. पत्रावर साल नसलं तरी टपालाच्या शिक्क्यात सापडतं.

गंजलेली पिन ओढली की भोवतीचा कागदही निघतो. मागून तिचे पाय बोथट सुरीनं उभे करा, मग अलगद वर काढा. कात्रणं वेगळी ठेवा, वर्तमानपत्री कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी उमटतं.

पंचगंगाकाठ: ट्रंक तोवर तळमजल्यावर नको, 2019 आणि 2021 चा पूर आठवा. बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवूनही ठेवू नका. आर्द्रता सतत 65 टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते, आणि डांबरगोळ्यांनी ओल हटत नाही. भिजलंच काही तर दोन दिवसांच्या आत पंख्याखाली पसरा. उन्हात कागद वेडावाकडा होतो.

स्कॅन रंगीत, 400 डीपीआय (इंचाला 400 ठिपके), टिफ या फाइल-प्रकारात. फोनवरची ॲप पान आपोआप काळं-पांढरं करतात आणि पेन्सिलीतली खाडाखोड, म्हणजे नेमका मुद्द्याचा भाग, उडून जाते.

बाडबिस्तरा: कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, म्हणजे सरकारी जुन्या कागदांच्या संग्रहात, मुख्यतः करवीर दरबारची आणि सरकारी दप्तरं. साहित्यिक कागदांसाठी आधी शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात विचारा, वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालयही विद्यापीठातच आहे. 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय आहेच. जाताना ट्रंक नको, यादी न्या.

कागद दिले म्हणजे कॉपीराइट दिला असं होत नाही. त्याला वेगळा लेखी करार लागतो. लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनावर मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांचा हक्क. आलेल्या पत्रांचा हक्क मात्र पत्र लिहिणाऱ्याचा, तुमचा नव्हे. ती छापायची किंवा नेटवर टाकायची परवानगी तुम्ही देऊ शकत नाही. दानपत्रात हे स्पष्ट लिहा. घरगुती पत्रं काही वर्षं बंद ठेवायची असतील तर नेमकं सालही घाला. नुसतं 'खासगी' लिहिलं तर पुढं कुणालाच उघडता येत नाहीत.

उत्तरेश्वरकर: आभार. वह्यांमधले शब्द टाइप करून फक्त तेवढंच दिलं तर चालेल?

जुनी बाडं: नाही, मूळ वह्याच द्या. समासातल्या खुणा टाइप करताना गळतात. मात्र शब्द कुठल्या गावचे, कुणाच्या तोंडून ऐकलेले, हे घरातल्या थोरल्यांना विचारून आत्ताच लिहून घ्या. वेगळ्या कागदावर, वहीत नको.