यानातल्या प्रतिकृती यंत्राला कुलूप कुठे लावायचं?

खानापूरकर:
मी एक विज्ञानकथा लिहायलोय. यानात 140 माणसं, प्रवास 60 वर्षांचा. जेवण, औषधं, सुटे भाग सगळं एकाच यंत्रातून निघतं. जुनं मोडायचं, अणू सुटे करायचे, नमुन्याबरहुकूम परत जोडायचे. तीन प्रकरणं झाली आणि अडलोय. असलं यंत्र हाताशी असल्यावर माणसांना अडचण कसली? रेशनकार्डासारखा कोटा ठेवला तर पटेल काय ओ?

निपाणीची वाचक:
पटेल की. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ (1995) या टीव्ही मालिकेत रिप्लिकेटरला, म्हणजे असल्याच यंत्राला, रेशनच आहे, कारण यान घरापासून 70 हजार प्रकाशवर्षं लांब आणि ऊर्जा तुटपुंजी. अणू जुळवायचं ठेवलंय ते बरं केलंत. नुसत्या ऊर्जेतून 100 ग्रॅम कुंदा करायचा म्हटलं तर आइन्स्टाइनच्या समीकरणानं 250 कोटी युनिट वीज लागते.

पॅटर्न स्टोअर, उद्यमबाग:
22 वर्षं फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याला आकार देणारे नमुने, सांभाळायलोय, म्हणून सांगतो. मालाचा हिशेब सोपा असतो. रनर, रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड), रिजेक्शन सगळं परत भट्टीत जातं, काटा खरं सांगतो. तुमच्या यानातही तसंच, फक्त मूलद्रव्यवार वजन लिहा. लोखंड आहे म्हणून आयोडीन होत नाही. टाकाऊ म्हणून बाहेर फेकलेलं कायमचं गेलं.

खरा घोळ पॅटर्नमध्ये. पंपाच्या एका भागाचं ड्रॉइंग बदललं, 18 मिलिमीटरची जाडी 22 झाली. नवा पॅटर्न आला, जुना त्याच फळीवर राहिला. दोन्ही सागवानी, दोन्हीवर पितळी पट्टीवर तोच नंबर. पहाटेच्या शिफ्टला मी जुना काढून दिला. मशीनिंगला जाईपर्यंत कुणाला कळलं नाही. लोखंड सगळं परत वितळलं, पण चार दिवसांची वीज आणि पोरांची मेहनत गेली. अजून ती पट्टी डोळ्यांपुढे येते.

तुमच्याकडे औषधाचा नमुना असा चुकला तर प्रत्येक गोळी चुकीची, आणि सगळ्या हुबेहूब सारख्या. म्हणून कोटा ठेवा, पण सही नमुन्यावर घ्या. नमुना कुणी बदलला, कधी, पहिला नग कुणी तपासला. विष, हत्यार, रोगजंतू यांच्या नमुन्यांना दोन किल्ल्या.

खानापूरकर:
दुसरी किल्ली कप्तानाकडे?

पॅटर्न स्टोअर, उद्यमबाग:
नको. त्याला काम उरकायची घाई असते. तपासणारा माणूस काम काढून घेणाऱ्याच्या हाताखाली नसावा. आमच्यात हे नीट पाळलं तिथेच माल कमी परत आला.

निपाणीची वाचक:
मग जुना नमुना पुसूनच टाकायचा काय?

पॅटर्न स्टोअर, उद्यमबाग:
नाही ताई. दहा वर्षांनी जुन्या पंपाचा स्पेअर मागायला माणूस येतोच. तांबडा पट्टा मारायचा आणि वेगळ्या कपाटात ठेवायचा. त्या दिवसापासून आमच्याकडे तसंच आहे.