अनुभव धागा : सर्वो मोटरसाठी पॉवर सप्लाय तुम्ही कसा निवडलात?

यंदा आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरच्या गणपतीपुढे सहा उंदीर आरतीला माना डोलावणार होते. सहा एमजी९९६आर सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरी), ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर. एकेक हलवला तर सगळे शहाणे. 'सुखकर्ता' सुरू झालं, सगळे एकदम हलले आणि आर्डुइनो (मोटरींना हुकूम देणारा छोटा बोर्ड) रीसेट! मल्टीमीटर मात्र शांतपणे ४.९ दाखवत होता. व्होल्टेजचा खड्डा काही मिलिसेकंदांचा, त्याला दिसणार कसा? मग डेटाशीट उघडली (आधी उघडायला हवी होती): ६ व्होल्टला अडकलेली मोटर २.५ अँपिअर ओढते. हलायला सुरुवात करतानाही क्षणभर जवळपास तेवढाच. सहांचे १५. शेवटी जेल रोडवरून ५ व्होल्ट २० अँपिअरचा एसएमपीएस (एसीचा डीसी करणारा सप्लायचा डबा) आणला, आर्डुइनोला वेगळा सप्लाय दिला, ग्राउंड (वजा बाजूची तार) दोघांचा एकच ठेवला.

तुमचं काय झालं, लिहा. फजितीसकट.

ब्रेडबोर्डग्रस्त : सप्लाय मोठा घेऊनही माझं तेच रडगाणं. सगळा करंट ब्रेडबोर्डच्या पट्टीतून जात होता, ती एखाद्या अँपिअरची धनी. जाड वायर थेट सप्लायपासून नेली, मिटलं.

सांवेर रोडवाला : आमचं प्रकरण मोठं, ४८ व्होल्टचा ड्राइव्ह (मोठ्या सर्वो मोटरला करंट पुरवणारा कंट्रोलर). वेग घेताना रेटेडच्या तिप्पट करंट मागतो. एसएमपीएसला तो ओव्हरलोड वाटायचा, बंद-चालू, बंद-चालू, उचकी लागल्यासारखा. वाइंडिंगवाल्याकडून ३४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर करून घेतला, पुढे ब्रिज (एसीचा डीसी करणारे डायोड) आणि दांडगे कपॅसिटर. ३४ गुणिले १.४१ (एसीचं शिखर एवढ्या पट असतं), म्हणजे ४८च्या आसपास. क्षणभराचा झटका हा जुना प्रकार निमूट सोसतो. फक्त रात्री मेन्स (लाइनचं व्होल्टेज) चढली की हाही चढतो, तेव्हा ड्राइव्हच्या कमाल व्होल्टेजपासून अंतर ठेवा.

आणि दुसरी गंमत. उभ्या अक्षावरचं वजन खाली येताना थांबवलं की मोटरच जनरेटर होते, वीज उलटी येते. एसएमपीएस ती परत घेत नाही, व्होल्टेज वाढून ड्राइव्ह ट्रिप. आम्ही आठवडाभर सप्लायलाच शिव्या घालत होतो! ब्रेक रेझिस्टर लावला, तो ही उलटी वीज उष्णतेत जिरवतो.

काटकसरी : एक रुपया न घालवता : सर्वो ५०-५० मिलिसेकंदांनी मागेपुढे सुरू करा.

धागाकर्ता : @काटकसरी, करून पाहिलं. माना लाटेसारख्या हलतात, जास्तच छान दिसतं. २० अँपिअरवाला आता घरी कोणाला दाखवू नये असं ठरवलंय. @सांवेर रोडवाला, रेझिस्टर किती वॉटचा घेतलात?